आधी नळ्या मोजा, मग जंतू

महिन्याच्या अहवालात ‘कॉटी : शून्य’ असं लिहिलेलं दिसलं की व्यवस्थापन खूश होतं. संसर्ग नियंत्रणाचं काम बघणाऱ्या सिस्टरने मात्र त्या शून्याकडे जरा संशयानेच पाहावं. बारा खाटांचा आयसीयू, त्यातल्या नऊ-दहा रुग्णांना लघवीची नळी, आणि सहा महिन्यांत एकही संसर्ग नाही? घडू शकतं. पण आनंद मानण्याआधी विचारा : या काळात लघवीची कल्चर किती पाठवली? चार्टवरचा ताप खरंच थर्मामीटर लावून लिहिला होता का? आणि रोज किती रुग्णांना नळी होती, हे कुणी मोजलं का? उत्तरं मिळाली नाहीत, तर ते शून्य न पाहण्यातून आलेलं आहे.

लघवीची नळी घातलेल्या रुग्णाला त्या नळीमुळे मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तर त्याला आपल्याकडे वॉर्डात सरसकट ‘कॉटी’ म्हणतात. एनएबीएचच्या निकषांमुळे हा आकडा आता लहान रुग्णालयांनाही ठेवावा लागतो. त्यातून झालं असं की आकडा भरला जातो, पण तो कसा काढायचा हे नवीन सिस्टरला कुणी बसून शिकवत नाही. हा लेख तिच्यासाठी, तिच्या वॉर्ड इनचार्जसाठी आणि ज्यांची त्या अहवालावर सही असते त्या डॉक्टरांसाठी.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. नळी आत असताना लघवीत जंतू दिसणं वेगळं आणि संसर्ग होणं वेगळं. नळी घातल्यापासून रोज साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू येतात. महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ सगळ्यांच्याच. नळीच्या आतून-बाहेरून जंतूंचा चिकट थर बसतो आणि तो धुऊन जात नाही. अशा रुग्णाला ताप नाही, पोटात दुखत नाही, काही नाही; केवळ लघवी गढूळ दिसली म्हणून कल्चर पाठवलं तर जंतू येणारच. मग त्यावर अँटिबायोटिक सुरू होतं, त्याला न जुमानणारे जंतू उरतात, आणि पुढच्या खऱ्या संसर्गाच्या वेळी हातात औषध राहत नाही. कल्चर न पाठवल्याने आकडा खोटा लहान होतो, तसा ऊठसूट पाठवल्याने खोटा मोठा होतो. म्हणूनच देखरेखीसाठी काटेकोर व्याख्या लागते.

पण व्याख्येच्याही आधी छेद. ‘किती जणांना संसर्ग झाला’ या प्रश्नाला ‘कितीपैकी’ हे कळल्याशिवाय अर्थ नाही. इथे ‘कितीपैकी’ म्हणजे नळीचे दिवस. रोज एका ठरलेल्या वेळी वॉर्डात फिरायचं, किती रुग्ण आहेत आणि त्यांतल्या कितींना आत राहणारी नळी आहे ते मोजायचं, आणि दोन आकडे लिहायचे. एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस. वेळ कोणतीही चालेल, पण ती बदलू नका. सकाळची ड्युटी सुरू होताना हँडओव्हरच्या वेळी मोजणं बहुतेक ठिकाणी जमतं. पुरुषांना बाहेरून लावतात ती कंडोम कॅथेटर मोजायची नाही. ठरावीक वेळाने घालून लगेच काढली जाते ती नळीही नाही, आणि थेट पोटातून मूत्राशयात घातलेली नळीही नाही. फक्त मूत्रमार्गातून घातलेली, आत राहणारी फोलीज.

हे मोजणं फाइल पाहून करू नका. खाटेजवळ जा, पांघरूण बाजूला करा, बघा. फाइलमध्ये नळी घातल्याची नोंद असते, काढल्याची बऱ्याचदा नसते. उलटही होतं : कॅज्युअल्टीत घाईघाईत घातलेली नळी कुठेच लिहिलेली नसते आणि चार दिवसांनी युरोबॅग बघून सगळ्यांना आठवते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टरांना त्यांच्या रुग्णांची यादी देऊन ‘यांपैकी कुणाला नळी आहे?’ असं विचारलं होतं. नळी असलेल्या २८ टक्के रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांना ते ठाऊकच नव्हतं. विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण २१ टक्के होतं, वरिष्ठांमध्ये ३८. आपल्या राउंडला वेगळं चित्र असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

आता व्याख्या. जगभर बहुतेक ठिकाणी अमेरिकेच्या सीडीसीच्या राष्ट्रीय देखरेख जाळ्याची व्याख्या मूळ धरतात. दिल्लीच्या एम्समधल्या जयप्रकाश नारायण अपेक्स ट्रॉमा सेंटरने आयसीएमआर आणि सीडीसीच्या साथीने भारतात जे जाळं उभं केलं, त्यातही तिचाच आधार आहे. मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या दीड वर्षातली २६ रुग्णालयांच्या ८९ आयसीयूंमधली माहिती त्या पद्धतीने एकत्र मांडली गेली. तुम्हीही हीच व्याख्या घ्या. स्वतःची बनवायला जाऊ नका, नाहीतर तुमच्या आकड्याची तुलना कुणाशीच होणार नाही, तुमच्याच गेल्या वर्षीच्या आकड्याशीसुद्धा.

मोठ्या माणसांसाठी तिचा गाभा असा. संसर्गाच्या तारखेला नळीचा किमान तिसरा दिवस हवा, आणि त्या दिवशी नळी आत हवी किंवा आदल्या दिवशीच काढलेली हवी. लघवीच्या कल्चरमध्ये जास्तीत जास्त दोन प्रकारचे जंतू, आणि त्यांतल्या निदान एका जिवाणूची वाढ दर मिलिलिटरला १ लाख किंवा जास्त. सोबत एक तरी लक्षण : ३८ अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे आपल्या चार्टवर १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप. ओटीपोटात दाबल्यावर दुखणं. किंवा पाठीत बरगडीखाली, किडनीच्या जागी दुखणं. लघवीला जळजळ, वारंवार लागणं, एकदम घाई होणं ही लक्षणं नळी काढल्यावरच धरायची, कारण आत नळी असताना तिच्यामुळेच तसं वाटतं. लक्षण एकही नाही, पण रक्ताच्या कल्चरमध्ये लघवीतलाच जिवाणू सापडला, तर तीही नोंद होते. वर्षाच्या आतल्या बाळांचे निकष वेगळे आहेत. तुमच्याकडे एनआयसीयू असेल तर ते स्वतंत्रपणे वाचा.

कँडिडा आणि इतर बुरशी यात धरत नाहीत. २०१५ पासून हा नियम आहे आणि आपल्या आयसीयूंसाठी तो फार महत्त्वाचा आहे, कारण दोन-तीन अँटिबायोटिक्स चालू असलेल्या रुग्णाच्या लघवीत कँडिडा निघणं रोजचंच. एकट्या कँडिडाचा रिपोर्ट कॉटी म्हणून नोंदवू नका. त्याच नमुन्यात ई. कोलायही १ लाखाच्या वर असेल, तर मात्र निकष पूर्ण होतो.

तारखांचा हिशेब एका उदाहरणाने बघू. समजा, ३ तारखेला रुग्ण कॅज्युअल्टीतून आयसीयूत आला, नळी घालूनच. कॅज्युअल्टीत घातली असली तरी मोजणी वॉर्डात किंवा आयसीयूत आल्यापासून, म्हणून ३ तारीख नळीचा पहिला दिवस. ७ तारखेला १०१ ताप. ८ तारखेला लघवी कल्चरला पाठवली, क्लेब्सिएला १ लाखाच्या वर. आता कल्चरच्या तारखेच्या तीन दिवस आधी आणि तीन दिवस नंतर अशी सात दिवसांची चौकट आखा : ५ ते ११. ताप या चौकटीत बसतो. चौकटीतली पहिली गोष्ट ज्या दिवशी घडली ती संसर्गाची तारीख, म्हणजे ७. त्या दिवशी नळीचा पाचवा दिवस. कॉटी झाली.

हा रुग्ण ६ तारखेला आयसीयूतून जनरल वॉर्डात हलवला असता तर? हलवल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संसर्गाची तारीख आली, तर तो आधीच्या विभागाच्या नावावर. म्हणजे आयसीयूच्या. यावरून दोन इनचार्ज सिस्टरांमध्ये वाद होणार हे गृहीत धरा आणि नियम छापून दोन्हीकडे चिकटवून ठेवा. ७ पासून पुढचे १४ दिवस, म्हणजे २० तारखेपर्यंत, लघवीत आणखी जंतू आले तरी नवी घटना लिहायची नाही. नवा जंतू जुन्याच नोंदीत जोडायचा. आणि नळी ७ तारखेला काढून ८ ला पुन्हा घातली, तर मध्ये नळीविना पूर्ण दिवस गेला नाही, मोजणी पुढे चालू. ८ तारखेचा अख्खा दिवस नळीविना गेला आणि ९ ला घातली, तर पहिला दिवस पुन्हा ९ पासून.

इथे डॉक्टरांकडून हमखास हरकत येते : “अहो, त्याला न्यूमोनिया होता, ताप त्याचा होता, कॉटी कसली?” हरकत वैद्यकीयदृष्ट्या अगदी योग्य असू शकते. तरीही नोंद करायची. देखरेखीच्या व्याख्येत ताप दुसऱ्या कारणावर ढकलता येत नाही, कारण ती मुभा दिली की प्रत्येक तापाला दुसरं कारण सापडतं. ही व्याख्या मोजण्यासाठी आहे, उपचार ठरवण्यासाठी नाही. रुग्णाला अँटिबायोटिक द्यायचं की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं. तुमच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली म्हणून औषध सुरू व्हायला नको, आणि डॉक्टरांनी औषध दिलं एवढ्यावरून रजिस्टरमध्ये नोंद व्हायला नको. हे एकदा शांतपणे सांगितलं की बरेचसे वाद मिटतात. सगळे मिटत नाहीत.

व्याख्या कितीही चोख असली तरी ती ताप आणि कल्चर या दोन खांबांवर उभी आहे, आणि हे दोन्ही खांब आपल्याकडे हलतात. ज्या चार्टवर सगळ्या रुग्णांचा ताप दिवसभर ९८.६ लिहिलेला दिसेल, त्या चार्टवरून देखरेख होणार नाही. रात्रीच्या ड्युटीला तीस रुग्णांमागे एक सिस्टर असेल तर ती काय करेल, हेही समजून घ्या. तिच्यावर डाफरण्यापेक्षा निदान नळी असलेल्या रुग्णांचा ताप तरी दर सहा तासांनी खरा मोजला जाईल, एवढं मागून घ्या. तापमान चार्टवर असेल तसंच धरायचं. काखेत घेतलं म्हणून त्यात एक अंश मिळवायचा नाही.

नमुन्याच्या बाबतीत चुका जास्त होतात. युरोबॅगमधली लघवी कल्चरला कधीच पाठवू नये. पिशवीत ती तासन्‌तास पडून जंतू वाढलेले असतात. नळीवर नमुना घेण्यासाठी पोर्ट असतो. हात स्वच्छ करून, हातमोजे घालून, पोर्ट अल्कोहोलच्या स्वॅबने पुसून, सुकू देऊन निर्जंतुक सिरिंजने लघवी ओढायची. पोर्टजवळ लघवी नसेल तर त्याच्या खाली ट्यूब थोडा वेळ क्लॅम्प करा, आणि नंतर क्लॅम्प काढायला विसरू नका. नळी आणि ट्यूबचा जोड उघडून नमुना घेणं म्हणजे जंतूंना दार उघडून देणं. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल आणि अजून गरज असेल, तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा. जुन्या नळीतून आलेले जंतू अनेकदा नळीवरच्या थरातले असतात. काढलेल्या नळीचं टोक कापून कल्चरला पाठवायची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून टिकून आहे. तिचा काही उपयोग नाही.

नमुना दोन तासांत लॅबला पोचावा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवावा. तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयाचा नमुना संध्याकाळी निघून शहरातल्या लॅबमध्ये रात्री उशिरा पोचतो आणि वाटेत १० हजारांचे १ लाख होतात. अशा ठिकाणी लॅबकडून बोरिक ॲसिड असलेली ट्यूब मागा. आणि रिपोर्टमध्ये नुसतं ‘सिग्निफिकंट ग्रोथ’ न लिहिता आकडा लिहायला सांगा. त्याशिवाय तुमचा निकष लागू करता येत नाही.

रोजचं काम प्रत्यक्षात असं चालतं : सकाळी लॅबकडून लघवीच्या पॉझिटिव्ह कल्चरची यादी घ्यायची, ती नळी असलेल्या रुग्णांच्या यादीशी ताडायची, दोन्हीकडे नाव असलेल्यांचा ताप आणि लक्षणं बघायची. सवय झाल्यावर यात फार वेळ जात नाही. वेळ जातो तो अपुऱ्या फाइली शोधण्यात.

महिनाअखेरीला हिशेब. कॉटीची संख्या भागिले नळी-दिवस, गुणिले १०००. त्याच्या जोडीला नळी-दिवस भागिले रुग्ण-दिवस, म्हणजे नळीच्या वापराचं प्रमाण. हा दुसरा आकडा अहवालात कोपऱ्यात टाकला जातो. माझ्या मते तोच आधी वाचावा. का, ते बघा. एका तिमाहीत ११७० रुग्ण-दिवस, ९३६ नळी-दिवस, ५ कॉटी. दर ५.३४, वापर ०.८०. मग रुग्णालयाने मन लावून अनावश्यक नळ्या काढल्या. पुढच्या तिमाहीत रुग्ण-दिवस तेवढेच, नळी-दिवस ६००, कॉटी ४. दर? ६.६७. संसर्ग कमी झाले आणि दर वाढला! कारण ज्यांच्या नळ्या निघाल्या ते तुलनेने बरे रुग्ण होते. छेदात आता जास्त आजारी, जास्त जोखमीचे उरले. हा अहवाल वरच्या मजल्यावर गेला की ‘एवढं करून काय मिळालं?’ असं विचारलं जातं, आणि चांगलं चाललेलं काम बंद पडतं. म्हणून १००० रुग्ण-दिवसांमागचा दरही शेजारी द्या. वरच्या उदाहरणात तो ४.२७ वरून ३.४२ वर आलेला दिसेल.

लहान विभागांना दुसरी अडचण असते. महिन्याला ४० नळी-दिवस असलेल्या वॉर्डात एक कॉटी झाली की दर २५ होतो, पुढच्या महिन्यात शून्य. असले आकडे नोटीस बोर्डावर लावून कुणाला शाबासकी किंवा कुणाला बोलणी मिळता कामा नयेत. तिथे सहा महिने, वर्षाचे आकडे एकत्र करा, आणि मधल्या काळात ‘मागच्या कॉटीला किती दिवस झाले’ एवढंच लिहा. बक्षिसं आणि दंड यांच्यापासून हा आकडा शक्यतो लांब ठेवा. अमेरिकेत ऑक्टोबर २००८ पासून सरकारी विमा योजनेने रुग्णालयात झालेल्या कॉटीचा जादा खर्च देणं बंद केलं. हेतू चांगला होता, पण पैसा जोडला गेला की नोंद टाळण्याचा मोहही त्याबरोबर येतो. आपल्याकडे तो मोह मानांकनाच्या तपासणीआधी येतो.

मोजून पुढे काय? देखरेखीची दुसरी बाजू म्हणजे नळीची निगा बघणं, आणि ती आकड्यापेक्षा लवकर काहीतरी सांगते. आठवड्यातून एकदा, न सांगता, नळी असलेल्या प्रत्येक खाटेपाशी उभं राहा. पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकते आहे का, जमिनीला टेकली आहे का? ट्यूबला पीळ आहे का? नळी मांडीला नीट चिकटवली आहे का, की प्रत्येक हालचालीला ओढली जाते? मग वॉर्डाबाहेर या. सीटी स्कॅनला नेताना स्ट्रेचरवर पिशवी रुग्णाच्या पोटावर किंवा दोन पायांमध्ये ठेवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पिशवीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. हे थांबवायचं तर प्रशिक्षण सिस्टरांबरोबर स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांनाही द्यावं लागतं. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, आणि एकदा कारण कळलं की ते सगळ्यात नेमाने पाळतात.

पिशवी रिकामी करताना बघणं तर फारच बोधप्रद. मावशी एकच मापाचा मग घेऊन पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत जातात, हातमोजे तेच, नळाचं तोंड मगाच्या काठाला टेकतंय. एकाच आठवड्यात शेजारशेजारच्या तीन रुग्णांच्या लघवीत तोच जंतू, तोच अँटिबायोटिक नमुना दिसला, तर आधी हा मग आठवा. प्रत्येक रुग्णाला वेगळं भांडं आणि दोन रुग्णांच्या मध्ये हात स्वच्छ करून नवे हातमोजे : यासाठी मोठं बजेट लागत नाही, ठामपणा लागतो. जोड न उघडणारी बंद पद्धत हीसुद्धा मुळात अशीच साधी सुधारणा होती. १९६६ साली क्युनिन आणि मॅककॉर्मॅक यांनी तिचा फायदा दाखवला, त्याआधी उघड्या बाटलीत लघवी सोडली जायची आणि चार दिवसांत जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू यायचे. काही गोष्टी मात्र करू नका : ठरावीक दिवसांनी गरज नसताना नळी बदलणं, मूत्राशय जंतुनाशकाने धुणं, नळी आहे म्हणून आधीपासूनच अँटिबायोटिक देणं. रोजची स्वच्छता साबण-पाण्याने पुरते.

आणि सगळ्यात परिणामकारक गोष्ट : नळी न घालणं, घातली तर लवकर काढणं. लघवी अडकली आहे, गंभीर रुग्णाची दर तासाची लघवी मोजायची आहे, काही विशिष्ट शस्त्रक्रिया, कंबरेखालच्या जखमा लघवीने भिजताहेत, मणका किंवा कंबरेच्या हाडाच्या मोडीमुळे हलवता येत नाही, शेवटच्या दिवसांत रुग्णाला आराम हवा आहे : ही कारणं रास्त. ‘रात्री बेडपॅन द्यायला माणूस नाही’ हे वैद्यकीय कारण नाही, पण ते आपल्याकडचं सगळ्यात प्रामाणिक कारण आहे. ते रजिस्टरमध्ये लिहायची मुभा द्या. सिस्टरने ते न घाबरता लिहिलं, तर तीन महिन्यांनी तुमच्या हातात रात्रीची मावशी मागण्यासाठी पुरावा असेल. राउंडला रोज एक प्रश्न ठरवून टाका, “आज ही नळी कशासाठी?” उत्तर कुणाकडेच नसेल तर ती काढायची परवानगी सिस्टरला आधीच लिहून दिलेली असावी. अमेरिकेत ६०३ रुग्णालयांनी अशा उपायांचा कार्यक्रम राबवला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले : आयसीयूबाहेरच्या विभागांत दर २.२८ वरून १.५४ वर उतरला, आयसीयूत मात्र फरक पडला नाही. म्हणजे सोपा फायदा जनरल वॉर्डात आहे, आणि आपण देखरेख बहुतेक वेळा फक्त आयसीयूत करतो.

जनरल वॉर्डात रोज मोजायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. त्यावर सीडीसीनेच एक वाट दिली आहे. महिन्याला सरासरी ७५ किंवा जास्त नळी-दिवस असलेल्या विभागात आठवड्यातून एकाच दिवशी नळ्या मोजल्या तरी चालतात; वार ठरलेला हवा, शनिवार-रविवार नको. त्या दिवसांचं नळीचं प्रमाण काढून ते महिन्याच्या एकूण रुग्ण-दिवसांना लावायचं. रुग्ण-दिवस मात्र रोजचे लागतात, ते ॲडमिशन काउंटरवर मिळतात. एक बुधवार, एक वही, मेडिसिनचा आणि ऑर्थोचा एकेक वॉर्ड, इथून सुरू करा. सर्जरी आणि गायनॅक त्यानंतर.